देव पाण्यात

२०२४ सालच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते आणि मागणं एकच होतं: ह्याचं तोंड काळं होऊ दे. अगदी काळं नाही तर तपकिरी, तपकिरी नाही तर गव्हाळ, पण हे गोरेपण जाऊ दे. आपण स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द शिक्षणाच्या आधी छापणारी माणसं. गरोदर बाईच्या दुधात केशराच्या काड्या नक्की कशासाठी घालतात, हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्यावर आपण बोलत नाही. अशा घरात रोज सकाळी चहाच्या आधी ‘कालच्यापेक्षा जरा सावळा दिसतोय का गं?’ असं विचारलं जात होतं.

तो म्हणजे आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीतला सी ॲनिमोन. मराठीत समुद्रफूल. दिसायला फूल, जातीने प्राणी. मेंदू नाही, कणा नाही आणि शरीराला दार एकच. जेवण त्याच दाराने आत आणि नको असलेलं त्याच दाराने बाहेर. एवढ्याशा भांडवलावर ही मंडळी कोट्यवधी वर्षं टिकून आहेत, असं मी कौतुकाने सांगितलं तेव्हा शिरोड्याहून आलेली माझी मावशी म्हणाली, “मगे आमच्या पुढाऱ्यांक नावां कित्याक ठेवतंस?”

टाकी मुलाची. तो पुढच्या शिक्षणाला जर्मनीला गेला, तेव्हा आईला जुन्या लॅपटॉपची बॅग देऊन गेला आणि मला समुद्र. तीनशे लिटरचा. त्याला खरं तर प्रवाळं ठेवायची होती, पण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. वाघ पाळायला आमच्या सोसायटीची परवानगी मिळाली नसती. म्हणून मग दोन क्लाउनफिश आणि एक ‘बबल टिप’ जातीचा ॲनिमोन, ज्याच्या भुजांची टोकं फुग्यासारखी फुगतात. आला तेव्हा चांगला मातकट तपकिरी होता. येणारेजाणारे मासे बघायचे आणि विचारायचे, “आणि हे खाली काय साचलंय?”

आम्ही राहतो ते बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. मंगळूरला जा नाहीतर चेन्नईला, खारं पाणी दिसायला साडेतीनशे किलोमीटरची तंगडतोड. शहाजीराजांकडे हे शहर जहागिरीत होतं, तेव्हा दरबारात बऱ्याच गोष्टी आणल्या गेल्या असतील, पण इथे समुद्र आणावा असं त्यांच्याही मनात आलं नसणार. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला निदान समोर मरीन ड्राइव्ह तरी होता. आमच्या व्हाइटफील्डमध्ये पाचव्या मजल्यावर समुद्र हा घरी करावा लागतो.

कृती सोपी आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. पण हे मीठ वाण्याकडचं नव्हे. ते परदेशातून बादलीत भरून येतं, त्यात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही असतं आणि त्याचा किलोचा भाव सुक्या मेव्याच्या शेजारी मांडायला लाज वाटणार नाही असा असतो. टाकी पहिल्यांदा भरायलाच दहा किलोच्या वर गेलं. मावशीने त्या बादलीवरची किंमत माझ्याकडून वाचून घेतली. तिचं गाव शिरोडं. १९३० साली तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मिठागरं अजूनही तिथे आहेत. ती बादलीकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्या पैशात मी आख्खी मिठागराची कुणगी इकत घेतलंय असतंय.” खाल्ल्या मिठाला जागावं असं लहानपणी तिनेच शिकवलं होतं, पण माश्यांना तसं काही शिकवलेलं नसतं.

पाणी हा त्याहून नाजूक विषय. मीठ घालायच्या आधी पाणी अगदी कोरं लागतं, त्यात दुसरा क्षार नको, क्लोरीन नको, टीडीएस मीटरवर शून्य. त्यासाठी स्वयंपाकघरात मुलाने आरओ यंत्र बसवून ठेवलं आहे. हे यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना दोन-तीन बादल्या पाणी बाहेर टाकतं. एरवी कोणाच्या डोळ्यांवर आलं नसतं, पण २०२४ चा मार्च आला. शहरातल्या हजारो बोअर आटल्या. टँकरची वाट बघत गेटवर माणसं उभी राहायला लागली. शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढावर खेचून आणलेलं कावेरीचं पाणी गाड्या धुवायला, बागेला, कारंज्याला वापरलं तर ५,००० रुपये दंड, असा पाणीपुरवठा मंडळाने हुकूम काढला. मग पोहण्याच्या तलावांत पिण्याचं पाणी भरायलाही बंदी आली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी अत्यंत सभ्य भाषेत विचारलं, की पाचव्या मजल्यावरचं मत्स्यालय हे बाग या सदरात येतं की कारंजं? त्यावर दुसऱ्याने लिहिलं, जलतरण तलाव, कारण त्यात दोन मेंबर रोज पोहताना दिसतात.

बायकोने तेव्हा घराची इभ्रत राखली. आरओचं टाकाऊ पाणी थेंब न सांडता बादल्यांत भरून तिने फरशी, बाल्कनी, बाथरूम सगळ्याला वापरलं आणि ग्रुपवर बादल्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं आली. प्रकरण मिटलं.

आणि मग एप्रिल तापला. बंगळूरच्या माणसाला हवेचा मोठा अभिमान. पंखा लावावा लागला तरी तो शेजाऱ्यांना सांगत नाही. त्या महिन्याच्या अखेरीस पारा ३८ च्या वर गेला आणि अभिमान गळून पडला. एका दुपारी आमच्या भागात वीज गेली ती रात्री आली. तोवर टाकी ३१ अंशांच्या पुढे गेली होती. मी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगत ठेवल्या आणि त्यांना जागा करण्यासाठी सुरमई बाहेर काढली. त्या संध्याकाळी सुरमई आम्ही खाल्ली आणि ॲनिमोनने काहीच खाल्लं नाही. पुढचे काही दिवस उष्मा हटेना. आठवड्याभरात आमचा मातकट तपकिरी गडी उजळायला लागला.

झालं होतं ते असं. ॲनिमोनच्या अंगात, अगदी पेशींच्या आत, एक सूक्ष्म शैवाल राहतं. तपकिरी रंग त्या शैवालाचा, ॲनिमोनचा नव्हे. हे शैवाल म्हणजे कमावता घरजावई समजा. राहायला सासऱ्याकडे, दिवसभर उन्हात राबून साखर बनवतो आणि कमाईतला मोठा वाटा घरात देतो. सासरा तेवढ्यावर निवांत. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, किंवा एकदम भलतंच चढलं, की जावयाचं डोकं फिरतं. साखरेऐवजी तो घरात विषारी ऑक्सिजन सोडायला लागतो. सासरा वैतागून त्याला दाराबाहेर काढतो. दार तेच एक. जावई जातो, घराचा रंग जातो आणि चूलही विझते. पांढरा पडलेला ॲनिमोन मेलेला नसतो. तो उपाशी असतो.

हेच त्या महिन्यात फार मोठ्या मापाने चाललं होतं. १५ एप्रिल २०२४ ला अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जाहीर केलं, की जगभरातली प्रवाळं पांढरी पडताहेत आणि अशी जागतिक वेळ आलेली ही चौथी. लक्षद्वीपची प्रवाळं त्या उन्हाळ्यात पांढरी पडली. आमच्या मालवणच्या सागरी अभयारण्यातली त्याआधीच एकदा पडून गेली होती, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्याची नोंद केलेली आहे. बातमी वाचून मला एक क्षणभर, खोटं कशाला बोलू, थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. जागतिक घडामोडीत व्हाइटफील्ड कुठेच मागे नव्हतं.

पण पांढरा पडलेला ॲनिमोन इतका सुंदर दिसतो की बघणाऱ्याला सुतक पाळावं की हार घालावा कळत नाही. भुजा काचेसारख्या झाल्या. टोकांना किंचित गुलाबी. रात्री निळा दिवा लावला की आतून हिरवट उजेड फुटल्यासारखा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर लिफ्ट चुकून आमच्याकडे डोकावले आणि दारातच थांबले. “तुंबा चन्नागिदे, सार!” खूपच छान आहे, म्हणे. मग त्यांच्या सौभाग्यवती आल्या. मग त्यांची सून. जे लोक दोन वर्षं ‘खाली काय साचलंय’ विचारत होते, ते आता मोबाइल घेऊन येऊ लागले. एका मुलीचं साखरपुड्याआधीचं फोटोसेशन झालं त्यात आमची टाकी आहे, पाठीमागे. नवरीमुलगी गोरी दिसावी म्हणून फोटोग्राफरने दिवा तिच्यावर धरला आणि कौतुक सगळं मागच्याचं झालं. मी सांगत होतो, अहो, तो आजारी आहे. कोणी ऐकेना. आपल्याकडे गोऱ्या माणसाला आजार झाला तरी तो ‘नाजूक’ असतो.

माझं निदान पक्कं झालं ते मुलाच्या व्हिडिओ कॉलवर. मी अभिमानाने हिरवा उजेड दाखवला. तो म्हणाला, “बाबा, निळा लाइट बंद करा. पांढरा लावा.” निळ्या दिव्याखाली सगळंच चमकतं, ते चमकणारं द्रव्य ॲनिमोनचं स्वतःचं असतं आणि शैवाल निघून गेलं तरी बरेच दिवस शिल्लक राहतं. पांढरा दिवा लावला तेव्हा खरा चेहरा दिसला. भुजांमधून पलीकडचा दगड दिसत होता. “आता तोंड बघा. मिटलंय का?” मिटलं होतं, पण घट्ट नव्हतं; सैल बटव्यासारखं उघडंच राहिलं तर मामला संपल्यात जमा असतो. “पाय बघा, दगडाला धरून आहे का, फाटलाय का?” धरून होता. “आता बोट लावा.” बायको म्हणाली, चावेल. तिची शंका अगदीच पोकळ नव्हती. ह्यांच्या भुजांत डंख मारणाऱ्या पेशी असतात. शार्ल रिशे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रफुलांचंच विष कुत्र्यांना टोचून बघितलं, दुसऱ्यांदा टोचताच कुत्री तडकाफडकी दगावली आणि त्यातून जिवघेण्या ॲलर्जीचा शोध लागून १९१३ चं नोबेल त्यांना मिळालं. पण माणसाच्या बोटाच्या कातडीला बबल टिप फारसं काही करत नाही. मी बोट लावलं. चिकटलं, पण जेमतेम. धडधाकट ॲनिमोनने सुटताना बोटाला ओढ दिली असती.

मावशी हे सगळं खुर्चीवरून बघत होती. तिच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आणि ओहोटीला खडपाच्या खळग्यांत असली फुलं तिने जन्मभर पाहिलेली. “आमच्याकडची मातयेच्या रंगाची असतत,” ती म्हणाली. “ह्यो गोरो कसलो? पोटाक नाय म्हणान पांढरो पडलो.” जर्मनीहून आलेलं निदान आणि हे निदान यांत फरक एवढाच होता, की तिच्या निदानासाठी मुलाची फी भरावी लागली नव्हती.

औषधपाणी विचारायला मी शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे काय बघितलं, तर ओळीने पांढरे ॲनिमोन. निळ्याशार दिव्याखाली, ‘सुपर व्हाइट’, आणि तपकिरीपेक्षा किंमत जास्त. शेजारच्या टाकीत एक लिंबासारखा पिवळाधमक, एक रासबेरी सरबताच्या रंगाचा. मुलाने आधीच बजावलं होतं: अंगभर, बुंध्यापासून टोकापर्यंत एकसारखा भडक रंग असला, की तो बहुतेक रंगवलेला. आधी उष्म्याने किंवा अंधारात ठेवून पांढरे पडलेले प्राणी रंगाच्या पाण्यात बुडवतात. काही आठवड्यांत रंग उतरतो आणि खाली उपाशी पांढरा उरतो. जांभळी किंवा गुलाबी टोकं मात्र जन्मजात असू शकतात, त्यावरून कोणावर आळ घेऊ नये. मी दुकानदाराला म्हटलं, जरा पांढरा लाइट लावता का? तो म्हणाला, खराब झालाय. मग मी मोबाइलमधला आमच्या गड्याचा फोटो दाखवला आणि उपाय विचारला. त्याचे डोळे चकाकले. “सर, आपका तो रेअर हो गया! एक्स्चेंज करोगे? दो ब्राउन ले जाओ.” मी नको म्हटलं, तर तिसरा द्यायला तयार झाला. शिवाय एक बाटली पुढे केली, तिच्यावर काहीतरी टॉनिक लिहिलं होतं आणि त्याने ‘कलर आता है’ अशी हमी दिली. गोरं करायच्या क्रीमवरचं नाव २०२० साली बदललं, पण सावळं करायची बाटली विकायचा धंदा कोणी काढेल असं मला वाटलं नव्हतं. बाटली मी घेतली नाही. असल्या औषधांनी ॲनिमोनचं काही होत नाही, पाणी तेवढं बिघडतं.

उपाय खरा तोच, जो मावशीने खुर्चीवरून सांगितला होता: पोटाक घाला. आता जावई कमावत नाही, तर आपण भरवायचं. रसेल मार्केटमधून मी ताजी कोळंबी आणायला लागलो. मीठमसाला न लावलेली, धुतलेली, कवचं काढलेली. बायको ती सुरीने तांदळाच्या दाण्याएवढी बारीक करायची. कारण थकलेल्या ॲनिमोनला मोठा घास दिला, की तो अधाशासारखा घेतो, दिवसभर धरून बसतो आणि रात्री सगळा ओकून टाकतो. त्यात घास तर जातोच, अंगातली ताकदही जाते. आणि रोज नाही. दोन-तीन दिवसांनी एकदा. लांब चिमट्याने दाणा भुजांवर अलगद ठेवायचा, पंप बंद करून, आणि वाट बघायची. पहिल्या खेपेला दाणा तसाच घरंगळून खाली गेला. पुढच्या खेपेला दोन भुजा वळल्या, अगदी सावकाश; आमचा एक सरकारी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागतो तेवढ्या वेळात तो दाणा तोंडापाशी पोचला. आत गेला. बायकोने टाळी वाजवली. त्या दिवशी आमच्या ताटात भोपळ्याची भाजी होती आणि मी ही गोष्ट बोलून दाखवली नाही.

भरवण्याच्या कामात खरी अडचण क्लाउनफिशची. ते चोरायचे. घास तोंडातून ओढून न्यायचे. शिवाय दिवसभर त्या दुबळ्या प्राण्याच्या अंगावर लोळायचे, चावायचे, अंग घासायचे. ह्या जोडप्यात मोठी असते ती मादी, घर तिच्या हुकमाने चालतं. नर लहान आणि आज्ञाधारक. मादी मेली, तर नरच बदलून मादी होतो आणि खालच्या नंबरवरचा पोरगा नर होतो. ही माहिती मी घरात एकदाच दिली. बायको तेव्हापासून मादीला ‘ताई’ म्हणते. पण त्यांच्यासाठी हे पांढरेपण कौतुकाचं नव्हतं हे नक्की. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताहितीजवळच्या मोरेआ बेटाभोवतीचे मासे तपासले, तेव्हा पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिशच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं आणि अंडी घालणं कमी झालेलं. पांढऱ्या भिंतीच्या घरात त्यांनाही चैन पडत नाही. शेवटी बायकोने भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी दिली. ती ॲनिमोनवर पालथी घालून वर दगड ठेवला, पाणी आतबाहेर, मासे बाहेर. ताईंनी दोन दिवस चाळणीला धडका दिल्या. मग नवऱ्यावर राग काढायला लागल्या.

दिव्याचंही पथ्य होतं. लोकांना वाटतं, शैवाल उन्हात वाढतं, तर दिवा पूर्ण सोडा. तसं केलं, तर उरलंसुरलं शैवालही भाजून निघतं. आधी कमी, मग दर आठवड्याला चिमूटभर वाढवत न्यायचा. खारेपणा हलू द्यायचा नाही. पाणी वाफेने उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर ही गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्याची नव्हे. हे मला आमच्या इंजिनिअर शेजाऱ्याला तीनदा समजवावं लागलं, मावशीला एकदाही नाही. तिने मिठागरं बघितली आहेत. तापमान २५-२६ अंश. पंपाच्या तोंडावर स्पंज, कारण बेचैन ॲनिमोन रात्री चालत निघतो आणि पंपात गेला, तर सकाळी टाकीभर त्याची चटणी झालेली असते, आणि तिच्यापाठोपाठ मासेही जातात. आणि सगळ्यात कठीण पथ्य: हात आवरायचा. रोज काहीतरी बदलून बघायची आपल्याला खोड. इथे काहीच न बदलणं हेच औषध. बंगळुरात कुठलीही अडचण ‘स्वल्प अडजस्ट माडी’ म्हटल्याने सुटते. रिक्षा, रांग, लग्नाचा हॉल, सगळं. हा एकच प्राणी मी पाहिला, जो अजिबात अडजस्ट करत नाही.

मध्ये एकदा सकाळी तो सुरकुतून लिंबाएवढा झालेला दिसला. घरात रडारड व्हायची बाकी होती. मावशीने टाकीवर वाकून नाक लावलं, दीर्घ श्वास घेतला आणि ‘वास नाय’ असा निकाल दिला. जन्मभर मासळीबाजारात उलट-तपासणी केलेलं नाक. मेलेला ॲनिमोन काही तासांत सडतो आणि तो वास लपत नाही. हा फक्त अंगातलं जुनं पाणी टाकून देत होता. असं ते अधूनमधून करतात. दुपारपर्यंत पुन्हा फुलला.

ह्या सगळ्या खर्चाचा एकदा बायकोने हिशेब मांडला आणि विचारलं, “हे जगतं किती वर्षं?” मी तिला एडिंबरोच्या आजीबाईंची गोष्ट सांगितली. सर जॉन डॅलियल नावाच्या गृहस्थांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक साधं लाल समुद्रफूल काचेच्या भांड्यात आणलं. त्याला लोक ‘ग्रॅनी’ म्हणत. डॅलियल १८५१ साली वारले. ग्रॅनी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. अधूनमधून शिंपल्यातला तुकडा खायची, एका रात्रीत दोनशेवर पिल्लं घालून मोकळी झाली, आणि १८८७ साली गेली तेव्हा ‘स्कॉट्समन’ या वृत्तपत्राने मृत्युलेख छापला. बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मृत्युपत्रात टाकी कोणाच्या नावे करायची ते आत्ताच ठरवा. माझ्या नको.”

पावसाळा गेला. गणपती आले, गेले. दिवाळीच्या सुमारास तोंडाभोवती काहीतरी वेगळं दिसायला लागलं. आधी मला वाटलं काच मळली आहे. पुसली, तरी तसंच. पांढरा दिवा लावला, चष्मा पुसला. बुडापासून भुजांच्या मध्यापर्यंत अगदी फिकट बदामी छटा. पलीकडचा दगड आता भुजेतून स्पष्ट दिसत नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत बदामीचा गव्हाळ झाला, गव्हाळाचा तपकिरी. बोट लावलं तर त्याने बोट धरून ठेवलं. चाळणी काढली, ताई आत घुसल्या, नवऱ्याला बाहेर उभं केलं. मुलाला फोटो पाठवला, त्याचं ‘सुपर, बाबा’ असं उत्तर आलं. सगळा पांढरेपणा गेला आणि आमच्याकडची वर्दळही गेली.

त्या डिसेंबरात वरचे बँक मॅनेजर म्हैसूरहून आलेल्या व्याह्यांना घेऊन मुद्दाम आमच्याकडे आले. लिफ्टमध्ये येताना त्यांनी वर्णन केलेलं असावं, कारण व्याही बूट काढून, हात जोडल्यासारखे उभे राहिले. मग दोघेही टाकीसमोर थोडे वाकले. सरळ झाले. व्याह्यांनी मासे चांगले आहेत असं सांगितलं. निघताना मॅनेजर साहेबांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “सार, बिसनेस वगैरे ठीक आहे ना? मेन्टेनन्स राहून गेलाय वाटतं.” संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांनी एक नंबर पाठवला: टाक्या, काचा, टाइल्स, सगळं दोन तासांत पांढरंशुभ्र करून देणारा माणूस, रेट वाजवी.

मी रागाने तो मेसेज बायकोला दाखवला. तिने नंबर उतरवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला बोलावलं. आरओच्या टाकाऊ पाण्याने बाथरूमच्या फरशीवर क्षाराचे पांढरे डाग धरले होते, ते काही केल्या जात नव्हते.